घाटातली धाव आणि तिचा जमाखर्च

रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास खंडाळ्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर जो कोणी उभा राहील, त्याला दोन प्रकारचे धावणारे लोक दिसतील. पहिल्या प्रकारचे लोक मोटारीतून आलेले असतात. पुण्याहून, पिंपरीहून, पनवेलहून, क्वचित थेट मुंबईहून. पायांत जाड तळव्यांचे बूट, कमरेला पाण्याच्या लहान बाटल्यांचा पट्टा आणि मनगटावर दर किलोमीटरला किणकिणणारे घड्याळ. वय बहुधा पस्तिशीच्या पुढचे आणि व्यवसाय बैठा. दुसऱ्या प्रकारचे लोक मावळातल्याच गावांतले असतात. वय अठरा ते पंचवीस, बूट साधे, कित्येकदा थोरल्या भावाचे. ते गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर किंवा शाळेच्या मैदानावर धावतात, आणि ते ज्या अंतरासाठी जीव टाकतात ते अंतर बेचाळीस किलोमीटरचे नसते. ते असते सोळाशे मीटरचे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत तेवढेच धावायचे असते.

दोघे एकमेकांना ओलांडतात, क्वचित हात उंचावतात आणि आपापल्या वाटेने जातात. पहिल्याने धावण्यासाठी पैसे मोजलेले असतात. दुसऱ्याला धावून पोटाची सोय करायची असते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एकाची धाव हा उपभोग आहे आणि दुसऱ्याची गुंतवणूक. मॅरेथॉन या विषयावर आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते जवळजवळ सगळे पहिल्याविषयी असते. वास्तविक रस्ता दोघांचा एकच आहे, आणि गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या मध्यम आकाराच्या शहरांत मॅरेथॉनचे जे पीक आले आहे, त्याचा हिशेब मांडताना दोघांनाही खातेवहीत घ्यावे लागेल.

आधी पहिल्याचे अनुभव पाहू. कारण तेही वाटतात तितके उथळ नाहीत.

लोणावळ्यात २०१८ साली पन्नास किलोमीटरची शर्यत सुरू झाली. मॅरेथॉनचे अंतर बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंचाण्णव मीटर. ही त्याहूनही लांब. सूर्य उगवण्याच्या कितीतरी आधी, काळोखातच तिला सुरुवात होते. कपाळावर दिवा बांधलेली माणसे टायगर पॉइंटच्या बाजूने चढू लागतात, तेव्हा प्रत्येकाला आपल्यापुढचे चार हात एवढाच रस्ता दिसतो. अनुभवी धावपटू सांगतात, की काळोखाचा हा एक फायदाच असतो. चढ किती उरला आहे हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून मनालाही कळत नाही. पहिल्या काही किलोमीटरांत गप्पा चालू असतात. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या बँकेतली बदली, कोणाच्या गुडघ्याचे जुने दुखणे. मग चढ वाढतो, आणि गप्पा कोणी थांबवाव्यात असे न ठरवताच थांबतात. नंतर ऐकू येतो तो फक्त बुटांचा आणि श्वासांचा आवाज.

श्वासांचा उल्लेख आला म्हणून एक आठवण. याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना केली आणि श्वासोच्छ्वासाच्या क्रियेचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला. त्यांच्या आश्रमापासून थोड्याच अंतरावर शंभर वर्षांनी हजारो माणसे धापा टाकत पळतील, याची कल्पना त्यांनी केली नसेल. अर्थात प्राणायाम आणि धाप यांचे नाते काय, हा विषय वेगळा.

चढापेक्षा उतार अधिक छळतो, हे नवख्याला कोणी सांगितले तरी पटत नाही. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात २०१२ पासून अर्धमॅरेथॉन होते. शहरातून निघून घाट चढायचा, कासच्या रस्त्याने वळण घेऊन पुन्हा खाली शहरात यायचे, असे एकवीस किलोमीटर. जाताना फुप्फुसे बोलतात, येताना मांड्या. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा सगळा भार मांडीच्या स्नायूंना ताणत अडवावा लागतो. स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते ती यातूनच, आणि तिचा खरा जाच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. सोमवारी कचेरीत जिना उलटा, म्हणजे कठड्याला धरून पाठमोरे उतरणारा सहकारी दिसला, तर त्याने रविवारी काय उद्योग केला असेल हे ओळखावे.

पूर्ण मॅरेथॉनची गोष्ट आणखी निराळी. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर साधारणपणे तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. तेथून पुढे शरीर चरबी जाळून निघते, पण त्या इंधनाची ज्योत मंद असते. ज्यांनी हे अनुभवले आहे ते सांगतात, की दुखणे हा त्यातला दुय्यम भाग. मुख्य भाग असा की बुद्धी सौदे करू लागते. पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत धावू, मग चालू. खांब आला की पुढचा खांब. कोणाला रडू येते आणि त्याचे कारण सांगता येत नाही. कोणी रस्त्याकडेच्या अनोळखी बाईने पुढे केलेला मीठ लावलेल्या संत्र्याचा तुकडा घेतो, आणि तो चव आयुष्यभर विसरत नाही. हे सगळे स्वेच्छेने, पदरचे पैसे भरून, सुट्टीच्या दिवशी.

मग माणसे हे का करतात? घराबाहेरचा रस्ता फुकट आहे. तेथे कोणी अडवत नाही. तरीही हजार-दोन हजार रुपयांचे प्रवेशशुल्क, त्यावर बूट, प्रवास, आदल्या रात्रीचा मुक्काम असा खर्च करून मध्यमवर्गीय माणूस शर्यतीत उतरतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूला तो किंमत मोजतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याशी विसंगत दिसते. याचे एक उत्तर दिखाऊ उपभोगाचे आहे, आणि ते पूर्णपणे खोटे नाही. गळ्यातले पदक, छापील बनियन, अंतिम रेषेवरचे छायाचित्र या गोष्टी कोणासाठी असतात हे सांगायला नको. पण त्याहून खरे उत्तर असे दिसते, की भरलेले शुल्क ही माणसाने स्वतःच्याच आळसाविरुद्ध लिहून दिलेली हमी असते. जानेवारीतल्या शर्यतीचे पैसे ऑगस्टमध्ये भरले, की पाच महिने पहाटे उठणे भाग पडते. आपण स्वतःला पुरते ओळखून आहोत, आपला शब्द आपण पाळणार नाही, म्हणून आधीच गहाण ठेवतो. भिशी लावणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आणखीही एक गोष्ट आहे. बैठ्या नोकरीतल्या माणसाच्या कामाचे मोजमाप होत नाही. फाईल पुढे सरकली की नाही, विद्यार्थी शिकला की नाही, याचा निकाल कधी लागतो आणि त्यात आपला वाटा किती, हे कोणालाच सांगता येत नाही. धावण्यात मात्र निकाल मिनिटा-सेकंदांत लागतो आणि तो सर्वस्वी स्वतःचा असतो. दोन तास बत्तीस मिनिटांच्या जागी दोन तास एकोणतीस. या तीन मिनिटांत वशिला नाही, ज्येष्ठता यादी नाही आणि साहेबाची मर्जीही नाही. चाळिशीतल्या कारकुनाला वा शिक्षकाला याचे मोल वाटले, तर त्याला हसण्याचे कारण नाही.

ही सगळी हौस परदेशी आणि शहरी आहे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. नाव परदेशी आहे, यात शंका नाही. अंतरही परदेशी आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातल्या अंतिम रेषेपर्यंत जे अंतर भरले, तेच पुढे १९२१ साली जगासाठी कायम झाले. पण लांब पल्ल्याच्या धावेशी महाराष्ट्राचा संबंध शहरी हौसेतून आलेला नाही, उलट शेतावरून आलेला आहे.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक क्रीडासामन्यांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून उपस्थित होते. धावण्याच्या शर्यतींत उतरलेली बहुतेक मुले शेतकऱ्यांची होती. ती अनवाणी धावत. युरोपीय नियम त्यांना ठाऊक नव्हते, शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले नव्हते, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या, हे टाटांच्या लक्षात आले. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्याकडे खटपट केली, आणि १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानातून चार धावपटू आणि दोन मल्ल गेले. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. वेळ होती दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंद. त्या वर्षी अँटवर्पचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटर होता, हे लक्षात घेतले म्हणजे या वेळेचे मोल अधिक कळते. आजच्या हौशी धावपटूंपैकी फारच थोड्यांना, हवेच्या गाद्या लावलेले बूट घालूनही, ती वेळ गाठता येईल.

याच दोराबजींच्या काळात टाटांनी लोणावळा आणि वळवण येथे धरणे बांधली, आणि घाटमाथ्यावर साठवलेले पाणी खाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. घाटाच्या उंचीतून वीज काढता येते हे ज्यांनी ओळखले, त्यांनीच शेतकऱ्याच्या पायांत काय आहे तेही ओळखावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. विजेची व्यवस्था मात्र टिकून राहिली. पायांची तशी राहिली नाही.

चौगुल्यांनंतरच्या काळात आपल्या देशाने शिवनाथ सिंगांसारखा धावपटू पाहिला. ते अनवाणी धावण्याबद्दल प्रसिद्ध होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉनमध्ये अकरावे आले, आणि १९७८ साली जालंधरला त्यांनी दोन तास बारा मिनिटांची वेळ दिली. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ कोणाला मोडता आला नाही. याच चार दशकांत पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ ला सुरू झाली, मुंबईची २००४ ला, साताऱ्याची २०१२ ला. आणि त्यानंतर तर जिल्ह्याच्या ठिकाणी एकही मॅरेथॉन नाही असे शहर शोधावे लागेल. साताऱ्याच्या डोंगरी शर्यतीने २०१५ साली सर्वाधिक स्पर्धकांचा जागतिक विक्रमही नोंदवला. धावणाऱ्यांची संख्या शेकड्यांवरून लाखांवर गेली आणि सर्वांत वेगवान माणसाची वेळ जागच्या जागी राहिली. पाया रुंदावला की शिखर आपोआप उंच होते, असे आपल्याकडचे क्रीडाधुरीण सांगत आले आहेत. येथे तसे घडलेले दिसत नाही. का घडले नाही?

याचे कारण असे, की हा पाया आणि ते शिखर एकाच डोंगराचे नाहीत. शर्यतीत पैसे भरून उतरणारा आणि शर्यतीतून पैसे मिळवू पाहणारा हे दोन वेगळे समाज आहेत. एकाच रेषेवरून ते एकाच वेळी सुटतात, एवढाच त्यांचा संबंध.

दुसऱ्या समाजाची काही नावे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले आणि २०१६ ला त्या रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावल्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिला क्रमांक पटकावला, तिसरा २०१४ साली. त्यानंतर स्टीपलचेसकडे वळून त्यांनी रिओत अंतिम फेरी गाठली. माण हा कायम दुष्काळी तालुका आणि सावरपाडा हा आदिवासी पाडा. जेथे शेती पिकत नाही तेथे पाय पिकतात, असे कोणी गमतीने म्हणेल. पण त्यात गंमत फारशी नाही. ज्या घरात दुसरे भांडवल नसते, तेथे मूल आपल्या शरीराचेच भांडवल करते.

आणि बारामतीच्या लता करे. साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी ज्येष्ठांच्या शर्यतीत धावली आणि पहिली आली. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते आणि बक्षीस होते पाच हजारांचे. त्यांच्या जीवनावर पुढे २०२० साली चित्रपटही निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. ही कथा सांगताना प्रत्येकाचा कंठ दाटून येतो. मात्र एका वैद्यकीय तपासणीची किंमत एका वृद्धेच्या तळपायांनी चुकती करावी लागली, हा त्या कथेचा जो उरलेला अर्धा भाग आहे, त्याला टाळ्या वाजवून काय साधले, हे कोणी विचारत नाही.

छोट्या-मोठ्या शहरांच्या शर्यतींभोवती अशा बक्षिसांवर जगू पाहणाऱ्या तरुण धावपटूंचा एक फिरता तांडा असतो. या रविवारी एक शहर, पुढच्या रविवारी दुसरे. रात्रीच्या एस. टी. ने यायचे, स्थानकावर किंवा ओळखीच्या मित्राच्या खोलीवर पाठ टेकायची, पहाटे धावायचे आणि पहिल्या तिघांत आले तर बक्षीस घेऊन, न आले तर रिकाम्या हाताने परतायचे. बक्षिसांची रचना बहुधा अशी असते, की पहिल्याला भरपूर, दुसऱ्याला बरे, तिसऱ्याला थोडे आणि चौथ्याला काहीच नाही. चौथा बारा सेकंदांनी मागे असेल, पण त्याचा एस. टी. चा खर्च तेवढाच झालेला असतो. अशा बाजारात बहुतेक जण तोट्यात असतात, आणि तरीही तो चालू राहतो, कारण प्रत्येकाला वाटते की पुढच्या रविवारी आपला क्रमांक येईल. शिवाय दर आठवड्याला शर्यत मारणारा धावपटू मोठ्या स्पर्धेसाठी लागणारी महिनोन्‌महिन्यांची सावकाश तयारी करूच शकत नाही. बियाणे खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्यासारखी त्याची गत होते. शिखर उंच का होत नाही, याचे एक उत्तर येथे सापडते.

आता पुन्हा खंडाळ्याच्या रस्त्यावरच्या त्या सोळाशे मीटरवाल्या मुलांकडे येऊ. त्यांना पदक नको आहे, विक्रमही नको. पोलीस शिपाई पदाच्या भरतीत मैदानी चाचणीचे पन्नास गुण असतात आणि त्यांतले वीस या एका धावेचे. पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत सोळाशे मीटर संपवले तर वीसपैकी वीस. त्यापुढे दर काही सेकंदांना गुण उतरत जातात. मुलींना आठशे मीटर, दोन मिनिटे पन्नास सेकंदांत. जागा थोड्या आणि उमेदवार लाखांनी, म्हणजे दोन-तीन सेकंदांचा फरक हा शासकीय वेतन आणि हॉटेलातली हंगामी नोकरी यांच्यातला फरक ठरतो.

पूर्वी मुलांना पाच किलोमीटर धावावे लागे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतल्या भरतीच्या वेळी उन्हात धावताना काही उमेदवार कोसळले आणि त्यांतले काही दगावले. गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेली, धड न जेवलेली, पदपथावर झोपलेली ही मुले होती. त्यानंतर अंतर कमी झाले, वेळा बदलल्या. हौशी मॅरेथॉनमध्ये दर दोन-तीन किलोमीटरवर पाणी, मीठ-साखर, केळी, रुग्णवाहिका आणि डॉक्टर असतात. असलेच पाहिजेत, कारण स्पर्धकाने त्याचे पैसे भरलेले असतात. ज्याने पैसे भरले नाहीत, त्याच्या वाट्याला ती दक्षता कुणाचा तरी जीव गेल्यानंतर आली. याहून कठोर शब्दांत हे मांडण्याची आवश्यकता नाही.

लोणावळा-खंडाळ्याचा स्वतःचा या सगळ्यात काय लाभ? २०११ च्या जनगणनेनुसार लोणावळ्याची वस्ती सुमारे सत्तावन्न हजार. पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या मोटारींची रांग पाहिली, तर या गावाच्या रस्त्यावर त्याच्या रहिवाशांचा हक्क किती उरला आहे, असा प्रश्न पडतो. त्यात शर्यतीसाठी रस्ता बंद झाला म्हणजे पेठ शहापूरच्या बाजूने दूध घेऊन येणारा, सकाळच्या पाळीला निघालेला हॉटेलातला नोकर, रुग्णालयात जाणारी बाई, सगळे थांबतात. त्यांना झालेल्या खोळंब्याची भरपाई प्रवेशशुल्कात धरलेली नसते. उलट बाजूही आहे. पावसाळा संपल्यावर रिकाम्या पडणाऱ्या खोल्या शर्यतीच्या आदल्या रात्री भरतात, रिक्षा चालतात, चिक्कीची दुकाने चालतात. हा पैसा गावात येतो हे खरे. तो गावातल्या कोणाच्या खिशात जातो, हा प्रश्न वेगळा. खोलीचे दुप्पट भाडे मालकाला मिळते, आणि शर्यत संपल्यावर रस्त्यावरचे प्लॅस्टिकचे पेले वेचण्याचे काम नगरपरिषदेच्या सफाई कामगाराच्या वाट्याला येते. त्याचा रविवार मात्र दुप्पट भावाने कोणी विकत घेतलेला नसतो.

बोरघाटाला हा हिशेब नवीन नाही. १८६३ च्या एप्रिलमध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली. सदतिसात एक असा चढ, पंचवीस बोगदे, आणि कामाच्या भरात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले किती गेले याची मोजदाद कोणी नीट ठेवली नाही. घाटात जुन्या रस्त्याकडेला शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी, की इंग्रजांना घाटातून वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांच्या पायवाटेवरून ती दाखवली, आणि वाट कळल्यावर साहेबाने त्यालाच संपवले. कथेतले किती खरे हे इतिहासकार ठरवतील. वाहनचालक मात्र आजही तेथून जाताना नाणे टाकतात. ज्याच्या पायांनी वाट पाडली त्याचे देणे अजून फिटलेले नाही, अशी काहीतरी बोच त्यामागे असावी.

यावर शर्यतीच बंद कराव्यात असे म्हणणारेही आहेत. ते चूक आहे. पहाटे उठून दहा किलोमीटर धावणारा शिक्षक वा कारकून समाजाचे कोणतेही नुकसान करीत नाही. मधुमेह आणि रक्तदाब यांनी पोखरलेल्या वर्गात त्याने घालून दिलेले उदाहरण चांगलेच आहे. बायकांच्या बाबतीत तर ही चळवळ फार मोलाची आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हतीच, तेवढे अंतर त्यांना झेपणार नाही असे पुरुषांनी परस्पर ठरवले होते. आज पन्नाशीची गृहिणी लोणावळ्याच्या अंधाऱ्या रस्त्यावर कपाळाला दिवा बांधून, कोणाची परवानगी न मागता धावते. शर्यतीच्या एका पहाटे रस्ता तिच्यासाठी सुरक्षित केलेला असतो. उरलेल्या दिवशी तो तसा नसतो, हे दुखणे आहे. जुन्या महामार्गावर धावणाऱ्याला वा चालणाऱ्याला सलग पदपथ नाही. खंडाळ्याच्या खाली जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्र येतात, तेथे तर पायी माणसाला वावच नाही. भरधाव मोटारीला पदक जिंकणारा धावपटू आणि भरतीवाला मुलगा यांच्यातला फरक कळत नाही; अंधारात दोघेही सारखेच दिसतात, किंवा दिसत नाहीत.

तेव्हा प्रश्न शर्यत असावी की नसावी हा नसून, तिच्या खर्चात कोणाकोणाचा वाटा धरायचा हा आहे. ज्या शहराचा सार्वजनिक रस्ता वापरून शर्यत होते, त्या शहराने परवानगी देतानाच काही अटी घालाव्यात. स्थानिक तरुणांना, विशेषतः मुलींना, काही जागा विनाशुल्क. बक्षिसांची रक्कम पहिल्या तिघांत न आटवता दहाव्या-बाराव्या क्रमांकापर्यंत उतरवावी, म्हणजे चौथ्याचा निदान प्रवासखर्च तरी सुटेल. सफाईचा खर्च शुल्कातून, आणि तो सफाई कामगाराच्या हातात पडेल अशा रीतीने. यांतले काहीही अवघड नाही. त्यासाठी कायदा लागत नाही, नगरपरिषदेचा एक ठराव पुरतो.

आणखी एक सोय तर जवळजवळ फुकट होण्यासारखी आहे. मोठ्या शर्यतीच्या दिवशी मोजलेले अंतर, सेकंदाचा अंश टिपणारी यंत्रे, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि बंद केलेला रस्ता एवढे सगळे एका ठिकाणी हजर असते. लांब पल्ल्याचे धावपटू सुटून गेले, की पुढचे दोन-अडीच तास सुरुवातीच्या रेषेजवळ कोणी नसते. मंडपातले कार्यकर्ते तेवढा वेळ चहा पीत बसतात. त्या वेळात मावळातल्या मुलांची सोळाशे आणि मुलींची आठशे मीटरची धाव त्याच यंत्रांवर घेता येईल. आज ही मुले मित्राच्या हातातल्या मोबाइलवर वेळ मोजतात, आणि ज्या अंतरावर धावतात ते खरोखरच सोळाशे भरते की पंधराशे ऐंशी, हे त्यांना भरतीच्या मैदानावर उभे राहीपर्यंत कळत नाही. वीस मीटर म्हणजे चार सेकंद.